आठचा आकडा आणि शॉकअपचा पाना

प्रश्न : मी मंगरूळपीर तालुक्यातली, वय २१. बाबांच्या शंभर सीसीच्या गाडीवर शिकले. घरून शेतात, शेतातून फाट्यावर गाडी आरामात नेते. पण वाशीमला आरटीओच्या चाचणीत आठ काढताना पाय टेकला आणि नापास झाले. गॅरेजवाले दादा म्हणतात, मागचा शॉकअप ढिला करून देतो, गाडी खाली बसेल, पाय पुरतील. काका म्हणतात, उलट कडक करा, गाडी वळायला हलकी होते. कोणाचं ऐकू? आणि वेगात सरळ चालणारी गाडी हळू चालवली की पडायला का पाहते?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण शॉकअपचं उत्तर त्यातूनच निघतं.

दुचाकी कधीच पूर्ण सरळ उभी नसते. ती सतत डावीकडे किंवा उजवीकडे थोडी पडत असते आणि दर वेळी सावरली जात असते. डावीकडे कलली की पुढचं चाक जरासं डावीकडे वळतं, दोन्ही चाकं वजनाच्या खाली येतात आणि गाडी परत उभी राहते. फिरत्या चाकांमुळे, भोवऱ्याच्या तत्त्वावर ती उभी राहते, असं अनेक पुस्तकांत छापलेलं असतं. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश संशोधकाने सायकलला उलट फिरणारं एक जादा चाक लावून तो परिणाम पुसून टाकला, आणि तरी ती सायकल चालवता आली. २०११ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात आणखी पुढचं दाखवलं. भोवऱ्याचा परिणाम काढून टाकलेली आणि पुढच्या चाकाची नेहमीची ठेवणही बदललेली एक दुचाकी त्यांनी बनवली. ढकलून सोडली की ती आपली आपण सावरत पुढे जात होती. वजन कुठे ठेवलं आहे यालाही सावरण्यात मोठा वाटा आहे, हे त्यातून स्पष्ट झालं. आजच्या सगळ्या प्रश्नांना हे वजनाचं सूत्र लागू आहे, म्हणून जरा थांबून सांगितलं.

आता वेगाचं. हँडल तेवढंच वळवलं तर सावरणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ताशी २० किलोमीटरला जो जोर मिळतो, तो ताशी ५ किलोमीटरला सोळावा हिस्सा उरतो. फाट्याच्या रस्त्यावर तुम्ही नकळत, बोटभर हँडल हलवून गाडी सावरता. आठ काढताना तेच सावरणं करायला हँडल भरपूर वळवावं लागतं. आणि पाय टेकण्याच्या भीतीने आपण वेग आणखी कमी करतो. चाचणीत बहुतेक जण पडतात ते इथेच. गाडी जड म्हणून किंवा उंची कमी म्हणून पाय टेकणारे त्यामानाने थोडे.

म्हणून वेग फार पाडू नका. ताशी ८ ते १० किलोमीटर, म्हणजे माणूस हलकं धावतो तेवढा वेग धरा. समजा, वर्तुळाची त्रिज्या तीन मीटर आहे. ताशी १० किलोमीटरला त्या वळणात गाडी सुमारे १५ अंश कलते. पहिल्यांदा तो कल डोळ्यांना फार वाटतो. तो तसाच असायला हवा, हे एकदा अंगात भिनलं की निम्मी भीती जाते.

हातापायांचं असं. गिअर पहिलाच. क्लच अर्धा दाबलेला, रेस थोडी आणि एकसारखी, आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक अगदी हलका टेकवलेला. वेग क्लच आणि मागच्या ब्रेकने राखायचा. रेस कमीजास्त केली की गाडी हिसके खाते. पुढच्या ब्रेकला आठमध्ये हात लावू नका. तो दाबला की पुढचे शॉकअप खाली बसतात, सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, आणि हँडल वळलेलं असेल तर गाडी आतल्या बाजूला कोसळते. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोड-ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं आहे. जोड-ब्रेकच्या मोटारसायकलीत पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. तुमची गाडी तशी असेल तर पाय आणखी हलका ठेवा.

गुडघे टाकीला चिकटलेले हवेत. नजर पुढच्या चाकावर नको. वर्तुळात शिरलात की ते जिथून संपतं त्या खुणेकडे मान वळवून पाहा, आणि तिथे पोहोचण्याआधीच पुढच्या वर्तुळाकडे पाहा. हळू वळणात गाडी आत झुकू द्या, पण स्वतः तिच्याबरोबर झुकू नका. कंबरेपासून वर सरळ राहा, हवं तर बाहेरच्या फूटरेस्टवर थोडं वजन द्या. आठचं खरं अवघड ठिकाण मध्यावर असतं, जिथे डावीकडचा कल सोडून उजवीकडचा घ्यायचा असतो. तिथे तेवढ्यापुरती रेस हळूच किंचित वाढवली की गाडी आपोआप उभी होते, आणि मग दुसऱ्या बाजूला झुकवता येते.

आता दादा आणि काका. मागच्या शॉकअपच्या खालच्या टोकाला पायऱ्यांसारखी कापलेली एक कडी असते. ती फिरवली की स्प्रिंग आधीपासून कमी किंवा जास्त दाबून ठेवली जाते. बाबा मागे ओझं नेत असतील आणि त्यांनी ती कडी शेवटच्या स्टेपला ठेवली असेल, तर तुमच्या एकटीच्या वजनाने गाडी जेमतेम खाली बसते. सीट उंच राहते आणि टाचा अधांतरी. अशा वेळी दादांचं ऐका. पहिल्या किंवा दुसऱ्या स्टेपला आणलं की सीट थोडी खाली येईल. पण कडी आधीच पहिल्या स्टेपला असेल तर ढिलं करायला काही उरलेलंच नाही. काकांचंही अगदीच खोटं नाही. मागची बाजू वर उचलली की पुढचा चिमटा थोडा उभा होतो आणि गाडी चटकन वळते. मात्र पाच-पंचवीस मिलिमीटरचा तो फरक आठमध्ये तुमच्या हाताला जाणवणार नाही.

या दोघांनीही न सांगितलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते : हँडलचा कोन सेट, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर वळतं ते. गाडी डबल स्टँडवर लावा. कोणाला तरी मागे सीटवर दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक अधांतरी होईल. मग हँडल सरळ धरून एका बोटाने हलकं ढकला. ते स्वतःच्या वजनाने डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत पडायला हवं. मध्येच अडलं, किंवा बरोबर सरळ जागी खाचेत बसल्यासारखं थांबलं, तर कोन सेट जास्त आवळलेला आहे किंवा त्याच्या वाट्या चेपल्या आहेत. अशी गाडी वेगात ठीक चालते, पण हळू चालवताना सापासारखी वळवळते, कारण सावरायला लागणारं बारीक वळण हँडल घेतच नाही. खड्ड्यांतून वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीचा कोन सेट असा होणं अगदी साधारण आहे. चाचणीच्या आधी तेवढं पाहून घ्या. त्याच वेळी पुढच्या चाकात हवा भरा, आणि चेन फार लोंबत नाही ना तेही पाहा. ढिल्या चेनमुळे अर्ध्या क्लचवर गाडी धक्के देते आणि दोष चालवणारीला मिळतो.

कायद्याने सात दिवसांनंतर परत चाचणी देता येते. तीनदा नापास झालं तर मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असते, तेवढी तारीख बघून ठेवा. चाचणीचं शुल्क दर वेळी वेगळं, एका वर्गाला ३०० रुपये. 'गिअरसह मोटारसायकल' या वर्गात पास झालात की बिनगिअरची स्कूटरही त्याच परवान्यावर चालते. चाचणीला ज्या गाडीवर जाल तिचा विमा आणि पीयूसी चालू असू द्या, आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल'.

प्रश्न : रिसोडकडचा शेतकरी आहे. गाडीवर मागे कधी घरची मंडळी, कधी युरियाची बॅग, कधी दोन्ही. शॉकअपला पाच स्टेप आहेत. कोणती स्टेप कधी ठेवायची? मेकॅनिक म्हणतो, एकदाच शेवटच्या स्टेपला टाकून द्या, शॉकअप मजबूत होतो, कटकट मिटते.

उत्तर : भाऊ, स्टेप चढवल्याने स्प्रिंग मजबूत होत नाही. तार तीच, वेटोळी तितकीच, ताकद तितकीच. बदलतं इतकंच की स्प्रिंग आधीच दाबलेली असल्याने ती हलायला उशिरा सुरुवात करते आणि गाडी थोडी वर उभी राहते. मागे ओझं असेल तेव्हा हेच हवं असतं. नाहीतर शॉकअपची निम्मी धाव ओझ्यातच संपते आणि पहिल्या खड्ड्याला तो तळाशी आपटतो.

एकटे असताना शेवटच्या स्टेपवर उलटं होतं. शॉकअपला जसं वर दाबलं जायचं असतं, तसंच खड्डा आला की चाकाला खालीही सोडायचं असतं. तुमच्या वजनाने गाडी थोडी बसली असेल तरच खाली सोडायला जागा उरते. ती नसेल तर खड्ड्यावर चाक हवेत राहतं. हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही आणि वळणही घेता येत नाही. रिसोडपासून वाशीमपर्यंत कंबर दुखते ती वेगळीच.

बरोबर स्टेप कोणती, हे टेपने मोजता येतं. गाडी डबल स्टँडवर लावा म्हणजे मागचं चाक अधांतरी होईल. मागच्या अॅक्सलच्या नटापासून सरळ वर सीटच्या कडेपर्यंत अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवा, तुम्ही नेहमीसारखे बसा, पाय फूटरेस्टवर घ्या, कोणीतरी हँडल धरू द्या, आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक शॉकअपच्या पूर्ण धावेच्या पाव ते एकतृतीयांश असावा. आपल्याकडच्या साध्या गाड्यांना तो साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर भरतो. जास्त भरला तर एक स्टेप चढवा, कमी भरला तर उतरवा. वहिनी मागे बसल्या की तेच माप पुन्हा घ्या. बहुतेकांना एकटं असताना दुसरी आणि दोघं असताना चौथी स्टेप जुळते, पण माणसांची वजनं वेगळी असतात, म्हणून आकड्यावर न जाता टेपवर जा.

कडी फिरवायला आकड्यासारख्या तोंडाचा पाना गाडीच्या टूलकिटमध्ये येतो. तो घरी कुठेतरी पडला असेल तर शोधा, पन्नास कामांना उपयोगी पडेल. पांदण रस्त्याची काळी माती कडीच्या खाचांत वाळून बसलेली असते, ती आधी पाणी मारून धुवा. छिन्नी-हातोडीने कडी ठोकू नका. खाच तुटली की नवीन शॉकअपच घ्यावा लागतो. आणि डावा-उजवा नेहमी एकाच स्टेपवर ठेवा. एक तिसऱ्यावर आणि एक पाचव्यावर असेल तर मागचं चाक तिरपं ओढलं जातं.

बॅगेचा हिशोब मांडून दाखवतो. युरियाची बॅग ४५ किलोची. दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटर धरू. बॅग कॅरिअरवर, मागच्या अॅक्सलच्याही २० सेंटिमीटर मागे बांधली तर मागच्या चाकावर ४५ नाही, सुमारे ५२ किलो वाढतात. वरचे सात किलो पुढच्या चाकावरून उचलले जातात. पुढचं चाक हलकं झालं की हँडल पोकळ लागतं, वळणात गाडी बाहेर ओढते आणि पुढचा ब्रेक नेहमीसारखा पकडत नाही. त्याच बॅगेला सीटवर, तुमच्या पाठीशी टेकवून बांधलं तर ही उचल होत नाही. टाकीवर आडवी ठेवण्याची पद्धतही सगळीकडे दिसते. तिच्यामुळे हँडल पूर्ण वळत नाही, आणि कुत्रं आडवं आलं की नेमकं तेच वळण लागतं.

मंडळी आणि बॅग दोन्ही एकाच वेळी, हे मात्र थांबवा. मागचं टायर, ब्रेक आणि शॉकअप यांतलं काहीच त्या वजनासाठी बनलेलं नसतं, आणि कोणतीही स्टेप ते भरून काढत नाही. दोन फेऱ्यांचं पेट्रोल लागेल ते लागू द्या.

आणखी एक. मागे ओझं आलं की मागची बाजू बसते आणि हेडलाइटचा झोत वर जातो. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात तो डिप्परवरही घुसतो. स्टेप चढवली की झोत बराच खाली येतो. हवेचा आकडा चेनकव्हरवर किंवा आसपासच्या स्टिकरवर एकटा आणि दोघं असा वेगवेगळा छापलेला असतो, तो पाहून गाडी थंड असताना हवा भरा. कमी हवेच्या टायरवर शॉकअपची कितीही मापं घेतली तरी ती खोटी ठरतात.

प्रश्न : पुढच्या शॉकअपला काहीच स्टेप नाहीत. मग तो कडक कसा करायचा? माझ्या गाडीत त्यातून एका बाजूने तेल गळतं. मेकॅनिक इंजिन ऑइल टाकतो म्हणतो. (कारंजा)

उत्तर : साध्या गाड्यांच्या पुढच्या शॉकअपला बाहेरून फिरवायचं काही नसतं. त्याचं वागणं आतल्या स्प्रिंगवर आणि तेलावर ठरतं. तेल किती जाड आणि किती मिलिलिटर, हे कंपनीने ठरवलेलं असतं. त्याऐवजी जाड इंजिन ऑइल भरलं तर हाताने दाबून पाहताना शॉकअप छान घट्ट वाटतो. पण रस्त्यावर एकामागे एक पट्ट्या मारलेल्या असतात तिथे त्याची फजिती होते. पहिल्या पट्टीला तो दबतो, जाड तेलामुळे वेळेत वर येत नाही, दुसऱ्या पट्टीला आणखी दबतो, आणि चौथ्या-पाचव्या पट्टीपर्यंत नुसता लोखंडाचा दांडा उरतो.

गळती असेल तर ऑइल सील बदला, दोन्ही बाजूंचं तेल बदला आणि दोन्हींत सारखंच मोजून भरा. नळीवर गंज किंवा ओरखडा असेल तर नवीन सीलही लवकर फाटतं, म्हणून ती आधी तपासून घ्या. हे काम लांबवू नका. डिस्क ब्रेकच्या बाजूची गळती डिस्कवर उतरते आणि तेल लागलेला ब्रेक लागत नाही.

तेल बरं आहे का, हे घरी कळतं. पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलवर जोराने वजन टाका आणि सोडा. पुढची बाजू एकदा वर येऊन थांबायला हवी. दोन-तीनदा झुलत राहिली तर तेल संपलं किंवा पातळ झालं.

प्रश्न : मुलगा सोळाचा झाला. शाळा-शिकवणीला मालेगावात गाडी द्यायची इच्छा आहे. सोळाला परवाना मिळतो असं ऐकलं.

उत्तर : मिळतो, पण ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा, आणि पालकांच्या संमतीने. तुमच्या घरची शंभर किंवा सव्वाशे सीसीची गाडी त्यात येत नाही. तिच्यासाठी १८ पूर्ण हवेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या आणि २५० वॅटपर्यंतच्या मोटरच्या विजेच्या दुचाकीला परवाना लागत नाही. शिकवणीपुरती ती पुरेल. नाहीतर चांगली सायकल घ्या. वर समजावलेलं सावरणं सायकलवरच सगळ्यात चांगलं शिकता येतं, आणि पुढे आठ काढताना ते कामाला येतं.

प्रश्न : शॉकअपचा शोध कोणी लावला? आपल्या गाड्यांचे शॉकअप कुठून येतात? (एक विद्यार्थी, वाशीम)

उत्तर : एका माणसाचं नाव घेता येणार नाही. सुरुवातीच्या मोटारसायकली म्हणजे जाड सायकलच होत्या. पुढे लोखंडी चौकट आणि एक स्प्रिंग, मागे काहीच नाही, धक्के फक्त सीटच्या स्प्रिंगा झेलायच्या. नळीत नळी सरकणारा आणि तेलाने झुलणं थांबवणारा पुढचा शॉकअप बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये 'आर १२' या गाडीवर बाजारात आणला. आजही तुमच्या घरच्या गाडीला पुढे तीच रचना आहे. मागे बिजागरीवर हलणारी चौकट आणि दोन बाजूंना दोन शॉकअप, ही मांडणी १९४० च्या दशकाच्या शेवटी बुलेटसारख्या गाड्यांवर आली. तीच बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली.

आणि तुला आवडेल अशी गोष्ट म्हणजे यातलं बरंच काही आपल्याच राज्यात बनतं. गॅब्रिएल इंडिया ही शॉकअप बनवणारी कंपनी १९६१ मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झाली. एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज १९८५ पासूनची, तिचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला. त्याच वाळूजला बजाजचा कारखाना आहे. वाशीमच्या बाजारात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांचे शॉकअप मराठवाड्यातून आलेले आहेत.

आत काय होतं तेही समजून घे. स्प्रिंग धक्का घेते, पण तो ठेवून घेत नाही, लगेच परत देते. नुसत्या स्प्रिंगवर गाडी झुलतच राहील. म्हणून आत तेल असतं आणि बारीक छिद्रं असलेला दट्ट्या. तेल त्या छिद्रांतून मुश्किलीने जातं आणि झुलण्याची ताकद उष्णतेत बदलते. खराब रस्त्याने पोहरादेवीला जाऊन आलेल्या गाडीच्या शॉकअपच्या नळीला हात लावून बघ, कोमट लागेल. सायलेन्सरपासून हात लांब ठेव.

प्रश्न : परवाना हातात आला. आता बाबांना मागे बसवून वाशीमहून अकोल्याला दवाखान्यात न्यायचं आहे. समृद्धीने गेलं तर लवकर पोहोचू का?

उत्तर : समृद्धी महामार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, तीनचाकीलाही नाही. कारंजा, शेलू बाजार, मालेगाव असा तो आपल्या जिल्ह्यातून जातो, पण तिथे मोटारींची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. त्या वेगात शेजारून जाणाऱ्या गाडीचा वारासुद्धा शंभर सीसीच्या दुचाकीला ढकलतो. शिवाय अकोल्याची वाट ती नाहीच. तुमचा रस्ता मालेगाव, मेडशी, पातूर असा राष्ट्रीय महामार्ग १६१.

परवाना मिळाल्याबद्दल मनापासून अभिनंदन, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. मैदानावर आठ काढून परवाना मिळतो, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांतला पंधरावा नियम मात्र चालकाला काय काय यायला हवं याची भली मोठी यादी देतो : चढावर थांबून मागे न घसरता निघणं, उतारावर वेळेत खालच्या गिअरला येणं, ओलांडून जाणं आणि दुसऱ्याला ओलांडू देणं, वेळेवर आणि स्पष्ट इशारा देणं, अचानक थांबणं. यादीतली प्रत्येक गोष्ट अकोल्याच्या वाटेवर लागेल. ती आधी एकट्याने, गावाजवळच्या रिकाम्या रस्त्यावर करून बघा. विशेषतः जोराने थांबणं. पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत दाबायचा, हँडल सरळ असतानाच. मग तेच कोणाला तरी मागे बसवून करा. माणूस बसला की थांबायला किती जास्त अंतर लागतं, हे एकदा तरी स्वतः अनुभवायला हवं. मेडशी ते पातूरच्या घाटात वळणाच्या आधीच वेग कमी करून तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरला या. उतारावर क्लच दाबून गाडी सोडून देऊ नका. इंजिनचा आधार गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापतात.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ होते, आणि त्यात मागे बसलेले १४ हजार ३३७. हा शेवटचा आकडा वाचून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण अनेकदा गाडी चालवणारा डोक्याला काही ना काही घालतो आणि मागची आई, मागचा बाप तसाच बसतो. कायद्यातलं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगतं, मागच्यालाही.

आदल्या संध्याकाळी बाबांना मागे बसवून टेपने माप घ्या आणि लागेल तितक्या स्टेप चढवा, दोन्ही बाजूंना सारख्या. हवा दोघांच्या आकड्याची भरा, आणि अंधार पडल्यावर समोरच्या भिंतीवर झोत किती उंच जातो ते पाहून घ्या. बाबांसाठी आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट त्यांच्या डोक्याला बसवून बघूनच घ्या. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकंच सैल हवं.